आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं. बाबा म्हणतात हॉल नको. मग काय करावं?

घाटमाथा | 11 एप्रिल 2026

येत्या 4 जूनला आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतात. 1976 साली, आणीबाणीच्या दिवसांत, मिरजेत आजोळच्या घरासमोर मांडव घालून लग्न झालं. बाबा आता 77 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आई 72 ची. दोघंही सांगलीत माझ्याजवळ असतात.

ताईचं म्हणणं, मोठा हॉल घेऊ, दीडशे माणसं बोलावू, दोघांना पुन्हा हार घालायला लावू. बाबांनी स्पष्ट सांगितलंय, "हॉल नको, स्टेजवर खुर्च्या नकोत, माझ्यावर कुणी भाषण करायचं नाही." आई काहीच बोलत नाही. त्यात गुरुजी म्हणतात की यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. म्हणजे तारीख अधिकात येते आणि तिथी धरली तर निज ज्येष्ठात, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

मला हा दिवस जेवण आणि पाकिटं एवढ्यावर संपवायचा नाही. पन्नास वर्षांत या दोघांनी जे जपलंय त्यातलं थोडं तरी आम्हाला कळावं, नातवंडांना कळावं असं फार वाटतं. तुम्ही घरी काय केलंत ते सविस्तर लिहा.

सोनचाफा | 11 एप्रिल

मनःपूर्वक अभिनंदन काका-काकूंचं!

एक विचारू? बाबा नको म्हणतात हे तुम्ही तीनदा लिहिलंत. आईला वेगळं बसवून विचारलंत का? आमच्याकडेही वडील "साधंच करा" म्हणाले आणि आम्ही साधंच केलं. नंतर आई मावशीला फोनवर सांगत होती की तिला एकदा तरी पैठणी नेसून सगळ्यांसमोर बसायचं होतं. तिच्या लग्नात साडी तिच्या मनासारखी नव्हती. ज्या बायकांच्या लग्नात त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांना पन्नास वर्षांनी तरी विचारायला हवं. हॉल हवा असेल तर हॉलही करावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

बाबा घरात नसताना विचारा. समोर असले की "त्यांचं म्हणणं तेच माझं" हे उत्तर ठरलेलं.

पाटपाणी | 11 एप्रिल

सोनचाफा यांना पूर्ण अनुमोदन.

माझं वय सत्तरीच्या पुढे. आमच्या आईवडिलांच्या पिढीत लग्नाचा वाढदिवस हा शब्दच घरात नव्हता. तारीख विचारली तर आई "वैशाखात, आंबे उतरले होते तेव्हा" असं सांगायची. पण म्हणून वर्षातून एकदा नवराबायकोचा दिवस नव्हता असं नाही. दिवाळीचा पाडवा होता की! अभ्यंग झाल्यावर आई वडिलांना ओवाळायची आणि वडील तबकात काहीतरी घालायचे. एरवी सगळ्यांसमोर एकमेकांशी न बोलणारी ती दोघं त्या सकाळी पाटाच्या दोन बाजूंना असायची आणि आम्ही मुलं कडेने उभी. ज्या वर्षी वडिलांच्या गिरणीचा संप होता त्या वर्षी तबकात फक्त सुपारी पडली. आईने ती सुपारी देव्हाऱ्यात ठेवली, पुढे कित्येक वर्षं होती.

तेव्हा तुमच्या आईबाबांना पाडव्यांबद्दल विचारा. लग्नाच्या दिवसाबद्दल माणसं ठरलेलं तेच सांगतात. पाडव्याचं विचारलं की वर्षावर्षाचं निघतं.

उंबरठा | 12 एप्रिल

तारीख की तिथी, यावर थोडं. आमचं लग्न 30 एप्रिल 2006 ला अक्षय्य तृतीयेला झालं. नंतर दरवर्षी घरात दोन वाढदिवस. सासूबाई तिथीने गोड करायच्या, मित्रमंडळी तारखेला शुभेच्छा द्यायची. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, त्यामुळे तिथी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात आणि हिशेब जवळजवळ जुळतो. गेल्या वर्षी, 2025 ला, अक्षय्य तृतीया बरोबर 30 एप्रिललाच आली! सासूबाई आता नाहीत. पण त्या दिवशी त्यांच्या पद्धतीचा आंब्याचा शिरा मी केला आणि नवऱ्याने पहिली वाटी त्यांच्या फोटोपुढे ठेवली.

घाटमाथा, माझं मत विचाराल तर दोन्ही दिवस ठेवा. 4 जूनला घरातल्यांनी जमायचं, पूजा वगैरे करायची तर निज ज्येष्ठात तिथीने.

घाटमाथा | 14 एप्रिल

सोनचाफा, तुमचे आभार कसे मानू. बाबा बँकेत गेले तेव्हा आईला विचारलं. ती आधी "काही नको रे" म्हणाली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "आमच्या दोघांचाच असा फोटो नाही. लग्नातल्या प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी मध्ये आहे. नंतर तुम्ही झालात, मग तुम्ही आहात. एकदा स्टुडिओत जाऊन दोघांचाच काढायचाय."

अल्बम काढून पाहिला. खरंच नाही. अंतरपाट दूर झाल्याच्या क्षणी मामा मध्ये, सप्तपदीत करवली मध्ये, घास भरवताना तर अख्खी पंगत. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तो एक दिवस पक्का झाला.

जाईचामांडव | 14 एप्रिल

किती छान मागणं!

आता आठवणी कशा काढाव्यात याबद्दल माझा अनुभव लिहिते, जरा लांबेल. आम्ही सासूसासऱ्यांच्या पन्नासाव्याला आधी मोबाइल समोर धरून "काहीतरी आठवण सांगा ना" असं म्हटलं. दोघंही अवघडली. सासरे म्हणाले, सगळं चांगलंच झालं. संपलं.

मग माळ्यावरची भांडी साफ करायला काढली होती तेव्हा चमत्कार झाला. त्या काळी आहेराची स्टीलची नि पितळेची भांडी यायची आणि त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असायचं. "चि. सौ. कां. अमुक हिस लग्नानिमित्त सप्रेम भेट", खाली देणाऱ्याचं नाव आणि तारीख. सासूबाईंनी एक पातेलं हातात घेतलं, बोटाने नाव चाचपलं आणि सुरू झाल्या. हे पातेलं देणारी शेजारीण, तिच्याकडून त्या पुरण शिकल्या. हा गडू ज्यांनी दिला त्यांच्याकडे पहिल्या बाळंतपणात रात्री टांगा मिळाला नाही म्हणून सासरे सायकलवर गेले होते. ही परात लहान दिराने गॅलरीतून खाली टाकली होती, हा बघ पोचा. सासरे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते, ते उठून आले आणि दुरुस्त्या सुचवायला लागले! "सायकलवर नाही, मी पळत गेलो होतो, सायकल पंक्चर होती." दोन दिवस हेच चाललं होतं. मी फक्त फोन रेकॉर्डिंगला लावून ओट्यावर ठेवला होता, समोर धरला नाही.

दुसरी गोष्ट, आहेराची वही. बहुतेक घरांत असते. कुणी काय दिलं ते लिहून ठेवायचे, कारण परतफेड त्याच मानाने करायची असे. "रोख रु. 5", "ब्लाउजपीस व नारळ", "तांब्या-भांडं". त्या यादीत अख्खं गाव असतं. तुमच्या मामांकडे किंवा आजोळच्या ट्रंकेत चौकशी करा. ती वही दोघांना मध्ये ठेवून मोठ्याने वाचायची, दुसरं काही करायला लागत नाही.

पाऊसवेडी | 15 एप्रिल

आमचं आंतरजातीय लग्न, 26 जुलै 1999 ला विशेष विवाह कायद्याखाली ठाण्यात नोंदणी केली. महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयातल्या फलकावर लागते. ते तीस दिवस मी रोज भीत काढले की कुणी नातेवाईक वाचेल. तीन साक्षीदार म्हणून तीन मैत्रिणी आल्या. आषाढी होऊन गेलेली, मुहूर्त वगैरे काही नव्हता, पाऊस मात्र होता.

आमचा सहावा वाढदिवस म्हणजे 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. नवरा साकीनाक्याला नोकरीला, मी ठाण्याला घरी, मुलगा चार वर्षांचा. दुपारनंतर फोन बंद. वीज गेली. त्याच्या आवडीची कोथिंबीरवडी मी उकडून ठेवली होती, तळायची बाकी होती. तो पवई, कांजूरमार्ग, मुलुंड असं छातीपर्यंत पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला. वाटेत अनोळखी लोकांनी इमारतींखाली उभं राहून चहा-बिस्किटं दिली, एका घरात रात्री दोन तास बसू दिलं. दार उघडलं तर बूट हातात, आणि बोलला काय, "वडी संपली का?"

तेव्हापासून दरवर्षी 26 जुलैला आम्ही बाहेर जेवायला जात नाही. कोथिंबीरवडी करतो. आणि कोणी अडकलेलं, भिजलेलं दिसलं तर चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. मुलगा आता नोकरीला लागलाय, तोही हे पाळतो.

निळीशाई | 16 एप्रिल

सगळ्यांचं वाचून डोळे भरून आले. तरी एक काळजी सांगते.

पन्नास वर्षांत सगळं गोड नसतं. माझ्या आईची लग्नानंतरची पहिली दहा वर्षं एकत्र कुटुंबात फार कठीण गेली. स्वतःच्या हातात पैसा नाही, माहेरी जायला परवानगी लागायची, आणि बाबा तेव्हा तिच्या बाजूने बोलले नाहीत. पुढे बोलले, पुढे खूप सांभाळलं. त्यांच्या रौप्यमहोत्सवात एका काकांनी माइकवरून "वहिनींनी किती हसतमुखाने सगळं केलं" असं म्हटलं आणि आई उठून आत गेली. जुन्या वस्तू काढाल तेव्हा त्या आधी आईला एकटीला दाखवा. काय सगळ्यांसमोर वाचायचं आणि काय नाही ते तिला ठरवू द्या. एखादं भांडं ती परत माळ्यावर ठेवा म्हणाली तर काही न विचारता ठेवायचं.

जाईचामांडव | 16 एप्रिल

निळीशाई, हे फार मोलाचं लिहिलंत. आमच्याकडेही एक समई होती. सासूबाईंनी तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

रंगपेटी | 18 एप्रिल

फोटोंच्या जतनाचं काम करतो म्हणून लिहितो. 1976 चा अल्बम म्हणजे बहुधा काळी जाड पानं, कागदी कोपऱ्यांत बसवलेले कृष्णधवल फोटो आणि मध्ये जाळीदार नक्षीचा पातळ कागद. फोटो पानाला किंवा काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर निघतो आणि तो परत येत नाही. आहे तसा स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600 डीपीआय पुरे. सेलोटेप लावू नका, मागे बॉलपेनने नावं लिहू नका. पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, आणि तेही आईबाबांना विचारून आत्ताच. फोटोतल्या मागच्या रांगेतल्या माणसांची नावं सांगणारी माणसं फार थोडी उरलेली असतात. फोटोत रंग भरून देणारी अ‍ॅप आली आहेत, पण ती साडीचा रंग अंदाजाने भरतात. शालू जांभळा होता की हिरवा हे आईला ठाऊक आहे, तिला विचारा.

ज्यांची लग्नं नव्वदीत झाली त्यांच्यासाठी: व्हिडिओ कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, टेप खराब होते आणि प्लेअरही. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. आणि हे काम यंदाच करा, चालू स्थितीतले प्लेअर मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

मिणमिणता | 20 एप्रिल

धागा वाचत होते, लिहू की नको असं झालं होतं. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या लग्नाचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो. त्या दिवशी कुणी फोन करत नाही. लोकांना वाटतं, कशाला आठवण करून द्या. मला आठवण असतेच हो. फोन आला तर आनंदच होईल. एक धाकटी जाऊ तेवढी न चुकता येते, आम्ही दोघी त्यांच्या आवडीची डाळिंबी उसळ करून जेवतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो.

घाटमाथा, एक विनंती. पन्नासाव्याला औक्षण कराल तेव्हा "पाच सवाष्णी पुढे या" असं कुणीतरी म्हणेल. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिलाही पुढे बोलवा. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि लगेच त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. हेरवाड तुमच्या सांगलीहून काही लांब नाही. ठराव कागदावर झाला. घराघरात कुणीतरी हाताला धरून पुढे न्यावं लागतं.

घाटमाथा | 20 एप्रिल

मिणमिणता ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमची आत्या आहे. बाबांची धाकटी बहीण, लग्नात तीच करवली होती. तिचे यजमान गेल्यापासून कार्यात ती स्वयंपाकघरातच थांबते आणि आम्हीही तसंच चालू दिलं. पहिलं औक्षण तीच करेल. बाबांना आत्ताच सांगितलं. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तिला मीच फोन करतो."

तुमची फेब्रुवारीतली तारीख मला निरोपातून कळवा. पुढच्या वर्षी फोन येईल.

दूरदेशी | 23 एप्रिल

मेलबर्नहून. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी छोटी गोष्ट. आईबाबांच्या वाढदिवसाला आम्ही ऑनलाइन केक पाठवायचो, तो त्यांना आवडायचा नाही. आता त्या दिवशी आम्ही दोन्ही घरी एकच स्वयंपाक करतो, वरणभात, बटाट्याची भाजी, शेवयांची खीर. इकडची वेळ साडेचार ते साडेपाच तास पुढे, म्हणून त्यांचं दुपारचं जेवण ते आमचं रात्रीचं. फोन ताटासमोर ठेवतो आणि बाबा आईला उखाणा घ्यायला लावतात. दरवर्षी नवा.

पाटपाणी | 25 एप्रिल

अहो घाटमाथा, सगळे एवढं लिहितायत आणि मुख्य गोष्ट राहिलीच! 4 जून अधिकात येतोय ना? म्हणजे धोंड्याचा महिना. तुमचे बाबा मिरजेचे जावई. 77 वर्षांचे झाले तरी जावईच. आजीआजोबा नसले तरी मामा आहेत. मामांनी 33 अनारशांचं वाण द्यायला हवं, तबकात, वर दिवा ठेवून. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक येतो, म्हणून 33, असं माझी आजी सांगायची. पन्नासावा वाढदिवस नेमका अधिकात येणं हे किती जणांच्या नशिबी असतं?

अनारसे घरीच करा. जुना तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी उपसून कापडावर सावलीत पसरा, किंचित दमट असतानाच दळून बारीक चाळा. पिठाच्या वजनाइतका किंवा थोडा कमी किसलेला गूळ, चमचाभर तूप, घट्ट मळून डब्यात चार-पाच दिवस ठेवा. खसखशीवर थापायचं, खसखस वर ठेवून मंद आचेवर तळायचं, उलटायचं नाही, झाऱ्याने वर तूप उडवायचं. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळा. पीठ मे महिन्यातच करून ठेवा, पावसाळी हवेत तांदूळ नीट सुकत नाही.

घाटमाथा | 6 जून 2026

सगळ्यांना नमस्कार. परवा झालं. घरातलीच माणसं, आजोळची मंडळी, आणि बाबांचे शाळेतले दोन सहकारी.

आहेराची वही मामांकडे सापडली. आईला आधी एकटीला दाखवली, तिने दोन पानं दुमडली, ती तशीच ठेवली. भांडी आदल्या रात्री माळ्यावरून काढून पुसली. सकाळी आत्याने पहिलं औक्षण केलं. तिचा हात थरथरत होता, आईने तबकाला खालून हात लावला. मामांनी वाण दिलं तेव्हा बाबा हसून म्हणाले, "पन्नास वर्षांत सासरहून तक्रारीला जागा नाही." अनारसे ताईने केले. पहिल्या घाण्यातले दोन हसले, मग पाटपाणींचा उपाय लागू पडला.

जेवणानंतर वही वाचायला घेतली. एका ओळीवर आलं: "शाळेतील शिक्षकवृंद, स्टीलचा तीन पुडाचा डबा." डबा समोरच होता. आई म्हणाली, लग्नानंतर पहिल्या दिवसापासून मी यातच डबा भरायची. बाबा म्हणाले, "याचं झाकण मला कधी उघडलं नाही." सगळे गप्प. मग कळलं, झाकण इतकं घट्ट होतं की बाबा रोज शाळेतल्या शिपायाकडून डबा उघडून घ्यायचे. घरी बोलले नाहीत, कारण आई तो रोज चिंच लावून घासायची आणि तिला त्याचा अभिमान होता. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो, मी पण तो फरशीवर आपटूनच उघडायची!" असं हसणं आमच्या घरात फार दिवसांनी ऐकलं.

संध्याकाळी स्टुडिओत गेलो. बाबांना तिथे पोचल्यावर सांगितलं. त्यांनी आधी कंगवा मागितला. आम्ही कुणीही आत गेलो नाही.

ताईने हॉलचे वाचलेले पैसे बाबांच्या शाळेच्या ग्रंथालयाला दिले, बाबांनीच सुचवलं. निज ज्येष्ठात तिथीला सत्यनारायण आहे.

आता एक प्रश्न. वहीची आणि रेकॉर्डिंगवरून उतरवलेल्या आठवणींची एक प्रत मामांना, एक ताईला, एक आत्याला द्यायची आहे. स्पायरल करावी की पक्की बांधणी?

रंगपेटी | 6 जून

फार आनंद झाला वाचून. शिवून पक्की बांधणी करा. स्पायरलची पानं हाताळून भोकांपाशी फाटतात. कागद आम्लमुक्त मिळाला तर बघा, आणि शेवटी दहा-बारा पानं कोरी सोडा, वाचल्यावर मामांना आणखी आठवेल. मूळ वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

सोनचाफा | 7 जून

स्टुडिओतला फोटो कसा आला? इथे टाकू नका, त्या दोघांचा आहे तो. फक्त आईला आवडला का तेवढं सांगा.

घाटमाथा | 7 जून

आवडला. दोन प्रती काढायला सांगितल्यात, एक मोठी आणि एक बाबांच्या पाकिटात मावेल एवढी. लहान प्रत बाबांनीच मागितली.